लाल रेघांची झाडाझडती : प्रकल्प नोंदी

३ मार्च २०२५, सोमवार

शुक्रवारी रात्री अहवाल तयार करणारं काम मध्येच बंद पडलं. कारण साधं होतं. सेटिंगमध्ये एक नाव सापडलं नाही, फंक्शनने 'नन' (म्हणजे 'काहीच नाही' ही किंमत) परत दिलं आणि पुढच्या ओळीने त्या 'नन'वरच मेथड चालवली. पण मनाला लागलं ते वेगळंच. ती ओळ एडिटरमध्ये, म्हणजे आम्ही कोड लिहितो त्या प्रोग्रॅममध्ये, गेले तीन आठवडे लाल होती. चूक वाटणाऱ्या कोडखाली तिथे लाल रेघ उमटते. टीममध्ये नव्याने आलेल्या सहकारिणीने ती पाहून मला विचारलंही होतं, "हे लाल दिसतंय, बघायचं का?" मी म्हटलं होतं, "ते नेहमीचंच आहे, इथे सगळंच लाल असतं. बिल्ड होतोय ना, मग सोडून दे." (बिल्ड म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्रॅम तयार करणं.)

मी तिला चुकीचं शिकवलं. तिची नजर अजून ताजी होती, आणि लालकडे कानाडोळा करायची आमची सवय मी तिला पहिल्याच महिन्यात लावली. म्हणून आजपासून हे काम हाती घेतोय: रेपोमधली (आमच्या सगळ्या कोडच्या साठ्यातली) प्रत्येक खोटी लाल रेघ शोधायची, ती का उमटते याचा छडा लावायचा आणि ती तिच्या मुळाशी जाऊन घालवायची. एडिटरच्या तक्रारींच्या पॅनलमध्ये लाल दिसलं की ते बघितलंच पाहिजे, अशी स्थिती परत आणायची आहे.

टीमला आज दोनच गोष्टी सांगितल्या. एक, हे काम संपेपर्यंत कुणीही नवीन 'इग्नोर' (रेघ दडपणारी टिप्पणी) टाकायचा नाही. दोन, एखादी रेघ खोटी आहे असं म्हणायचं असेल तर आधी तीच तपासणी टर्मिनलमधून (एडिटरबाहेर, कमांड देऊन) चालवून बघायची आणि दोन्हींची उत्तरं शेजारी ठेवायची. "माझ्याकडे चालतंय" हा रेघ खोटी असल्याचा पुरावा धरायचा नाही. शुक्रवारचा कोडही तीन आठवडे चालतच होता.

४ मार्च, मंगळवार

आज नुसती मोजणी. व्हीएस कोड या आमच्या एडिटरच्या प्रॉब्लेम्स पॅनलमधला आकडा फसवा निघाला. पायथॉन आणि टाइपस्क्रिप्टच्या तक्रारी तिथे मुळात फक्त उघड्या फायलींपुरत्या दिसतात. त्यामुळे ज्याच्याकडे चार टॅब उघडे त्याच्याकडे १२ चुका, आणि ज्याच्याकडे चाळीस त्याच्याकडे दोनशे. आम्ही नेहमी हाताळतो त्या सगळ्या फायली उघडल्या आणि एकाच मशीनवर मोजलं: ३४७. त्यात सी++ च्या २१२, पायथॉनच्या ९८, टाइपस्क्रिप्टच्या २९ आणि किरकोळ ८.

किरकोळ आठ तिथल्या तिथे संपल्या. पाच जेसन (माहिती लिहून ठेवायची एक रीत) फायलींमधल्या होत्या. त्या फायलींत टिपा लिहिलेल्या आहेत आणि साध्या जेसनला टिपा चालत नाहीत. त्या फायलींचा प्रकार 'टिपांसह जेसन' असा नोंदवला आणि रेघा गेल्या. तीन यामल (तशीच दुसरी रीत) फायलींतल्या होत्या, आम्ही वापरतो ते खास टॅग एडिटरला माहीत नव्हते. ते सेटिंगमध्ये लिहून दिले.

नव्या सहकारिणीला हे सगळं समजावून सांगताना जाणवलं की टीममधल्या निम्म्या लोकांची समजूत अशी होती की लाल रेघ कंपायलर (कोडचं चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये रूपांतर करणारा) काढतो. तसं नाही. रेघ काढणारा वेगळाच प्रोग्रॅम असतो, त्याला लँग्वेज सर्व्हर म्हणतात. एडिटर त्याला फायलीतला मजकूर पाठवतो आणि तो परत सांगतो की अमुक ओळीत, अमुक अक्षरापासून अमुक अक्षरापर्यंत, अमुक तीव्रतेची तक्रार आहे. या बोलण्याचा ठरलेला करार म्हणजे लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल, मायक्रोसॉफ्टने तो २०१६ मध्ये जाहीर केला. त्यात तीव्रतेच्या चार पायऱ्या आहेत: चूक, इशारा, माहिती आणि सूचना. बिल्ड करणारा प्रोग्रॅम निराळा, त्याच्या सेटिंग निराळ्या, पुष्कळदा आवृत्तीसुद्धा निराळी. दोघांपुढे एकच फाइल असते, पण भोवतालचं जग दोघांना वेगवेगळं दिसतं. आमच्या बहुतेक खोट्या रेघांचं मूळ इथेच असणार असा माझा कयास आहे.

रेघेवर माउस नेला की मजकुराच्या शेवटी तक्रार करणाऱ्याचं नाव येतं: पायलान्स (पायथॉनसाठी), टीएस (टाइपस्क्रिप्टसाठी), ईएसलिंट (जावास्क्रिप्ट-टाइपस्क्रिप्टसाठी), क्लँग (सी++ साठी). त्याला जोडून कंसात नियमाचं नाव किंवा क्रमांक. हे शेवटचे दोन शब्द आम्ही कुणीच कधी वाचत नव्हतो. आता नोंद करताना तेच पहिल्या रकान्यात लिहायचे.

६ मार्च, गुरुवार

सी++. दोन दिवस यातच गेले, आणि सार्थकी लागले.

२१२ चा आकडा पाहून छातीत धस्स होतं, पण फाइल उघडून वर गेलं की पहिली तक्रार एकच: हेडर (टाइप आणि फंक्शनांची ओळख देणारी फाइल) सापडलं नाही. हेडर नाही म्हणून त्यातला टाइप माहीत नाही, टाइप माहीत नाही म्हणून तो वापरणारं प्रत्येक फंक्शन चूक, आणि ते फंक्शन वापरणारी प्रत्येक ओळ चूक. एका मुळाला दोनशे फांद्या. आम्ही मात्र आजवर एकेका फांदीशी झटत होतो, कुणी हेडरचा पूर्ण पत्ता कोडमध्ये लिहून ठेवला होता, कुणी एडिटरच्या खासगी सेटिंगमध्ये फोल्डर जोडले होते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

सी++ च्या लँग्वेज सर्व्हरला, म्हणजे क्लँगडीला, प्रत्येक फाइल कोणत्या फ्लॅगांनी (कंपायलरला दिलेल्या सूचनांनी) कंपाइल होते हे कुणीतरी सांगावं लागतं. ते सांगणारी फाइल म्हणजे 'कंपाइल कमांड्स जेसन'. ती नसेल तर तो बिचारा अंदाजाने चालतो. सीमेक या बिल्ड मांडणाऱ्या साधनात ही फाइल बनवायची एक सेटिंग आहे, मेकफाइल किंवा निंजा या बिल्डच्या पद्धती वापरत असाल तर ती चालू करायची की झालं. फाइल आमच्या 'बिल्ड' फोल्डरमध्ये तयार झाली. क्लँगडी कोडच्या फायलीपासून वरच्या फोल्डरांत आणि त्यांच्या आतल्या 'बिल्ड' फोल्डरांत ती स्वतःच शोधतो. सर्व्हर परत सुरू केला. २१२ चे १९ झाले.

उरलेल्या १९ पैकी ११ क्रॉस-कंपायलरच्या. आम्ही दुसऱ्या प्रोसेसरसाठी जीसीसी या कंपायलरने कंपाइल करतो. जीसीसीला त्याची स्वतःची हेडरं कुठे आहेत ते पाठ असतं, ते कमांडमध्ये लिहिलेलं नसतं. क्लँगडी तो कंपायलर चालवून विचारू शकतो, पण परवानगी दिल्याशिवाय विचारत नाही. ही अडवणूक नाही, ते योग्यच आहे. नाहीतर कुणाचाही रेपो नुसता उघडला तरी त्यातला कुठलाही प्रोग्रॅम आपल्या मशीनवर चालेल. 'क्वेरी ड्रायव्हर' या पर्यायात आमच्या कंपायलरचा पत्ता लिहिला. दोन फ्लॅग फक्त जीसीसीलाच कळणारे होते, ते रेपोच्या मुळाशी ठेवलेल्या क्लँगडीच्या सेटिंग फायलीत 'रिमूव्ह'खाली टाकले.

राहिल्या आठ. त्यातल्या पाच दोनदा उमटत होत्या, कारण एकाच्या मशीनवर मायक्रोसॉफ्टचं सी++ एक्स्टेन्शन आणि क्लँगडी दोन्ही जागे होते. एकाचं विश्लेषण बंद केलं. शेवटच्या तीन हेडर फायलींतल्या होत्या आणि तिथे मी थबकलो. हेडर एकटं उघडलं की त्यातला टाइप माहीत नाही अशी तक्रार, बिल्ड मात्र स्वच्छ. सहकारी म्हणाला, "ही तर शंभर टक्के खोटी." पण नीट पाहिलं तर त्या हेडरने स्वतःला लागणारं दुसरं हेडर घेतलेलंच नव्हतं. प्रत्येक सीपीपी फायलीत ते दुसरं हेडर योगायोगाने आधी येत होतं, म्हणून चालून जात होतं. क्रम बदलला असता तर बिल्डही मोडला असता. तीन ठिकाणी एकेक इन्क्लूडची ओळ घातली.

सी++ : शून्य.

७ मार्च, शुक्रवार

टाइपस्क्रिप्ट. थोडक्यात संपलं.

२९ पैकी ८ नुसत्या शिळ्या होत्या. ब्रँच (कोडची समांतर शाखा) बदलली, पॅकेजं बदलली, पण सर्व्हरच्या डोक्यात जुनंच चित्र. कमांड पॅलेटमधून टीएस सर्व्हर परत सुरू केला की जातात. पूर्ण एडिटर बंद करायची गरज नसते, हे चौघांना आजच कळलं.

१५ आवृत्तीच्या फरकामुळे. व्हीएस कोड स्वतःबरोबर टाइपस्क्रिप्टची एक आवृत्ती घेऊन येतो आणि सांगितलं नाही तर तीच वापरतो. आमच्या प्रकल्पातली आवृत्ती तिच्याहून जुनी. 'वर्कस्पेसची आवृत्ती वापरा' हे निवडलं आणि तसं रेपोच्या सेटिंगमध्ये लिहिलं.

पाच टेस्ट फायलींतल्या, सगळ्या २३०७ क्रमांकाच्या, म्हणजे मॉड्यूल सापडत नाही. या फायली टीएसकॉन्फिग या सेटिंग फायलीच्या 'इन्क्लूड'मध्येच नव्हत्या. अशी बेवारस फाइल उघडली की सर्व्हर तिच्यासाठी स्वतःच्या मनाने एक प्रकल्प गृहीत धरतो, आणि त्याला आमची पत्त्यांची टोपणनावं कुठून माहीत असणार? टेस्टसाठी वेगळा टीएसकॉन्फिग केला. एक उरली आहे ती खरोखर बाहेरच्या पॅकेजच्या टाइपांतली चूक दिसते. तिच्याकडे नंतर येतो.

१० मार्च, सोमवार

पायथॉनच्या ९८. पैकी ६१ 'इम्पोर्ट सापडत नाही' या एकाच प्रकारच्या, आणि त्यांचं कारण खालच्या पट्टीत उजव्या कोपऱ्यात लिहिलेलं होतं: एडिटरने सिस्टीमचा पायथॉन निवडला होता, प्रकल्पाच्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमधला (प्रकल्पापुरत्या वेगळ्या ठेवलेल्या पॅकेजांच्या जागेतला) नाही. तिथे क्लिक करून योग्य इंटरप्रिटर निवडला, ६१ गेल्या.

पुढच्या १५ नी मात्र दुपार खाल्ली. इंटरप्रिटर बरोबर, पॅकेज बसवलेलं, टर्मिनलमध्ये इम्पोर्ट होतंय, आणि एडिटर म्हणतो असं पॅकेजच नाही. हे आमचंच घरचं पॅकेज, पिप या पॅकेज बसवणाऱ्या प्रोग्रॅमने 'एडिटेबल' पद्धतीने, म्हणजे कॉपी न करता मूळ फोल्डरमधूनच वापरता येईल असं, बसवलेलं. पूर्वी अशा वेळी साइट-पॅकेजेसमध्ये (पॅकेजं बसतात त्या फोल्डरमध्ये) एक छोटी पीटीएच फाइल बनायची आणि तिच्यात फोल्डरचा पत्ता असायचा. एडिटर ती वाचायचा आणि पत्त्यावर जायचा. सेटअपटूल्स या पॅकेज बांधणाऱ्या साधनाच्या ६४ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२२ पासून, पद्धत बदलली. आमच्यासारखी मांडणी असलेल्या पॅकेजांसाठी आता पत्त्याऐवजी कोडची ओळ लिहिली जाते, जी पायथॉन सुरू होताना चालते आणि इम्पोर्टच्या वाटेत एक शोधक बसवते. पायथॉनला ती चालते, कारण तो कोड चालवतो. एडिटर कोड चालवत नाही, फक्त वाचतो. ती फाइल मी उघडून बघितली. आत पत्ता नाही, एका मॉड्यूलचं इम्पोर्ट आणि एक फंक्शन कॉल, बस्स. ते वाचून कुणालाही पॅकेज कुठे आहे ते कळणार नाही.

उपाय दोन. सेटअपटूल्सला 'कॉम्पॅट' रीतीने बसवायला सांगायचं, किंवा एडिटरला जादा पत्ता द्यायचा. पहिला उपाय तात्पुरत्या सोयीसाठीच आहे, म्हणून तो टाळला. पायप्रोजेक्ट फायलीत पाय्रायट या टाइप तपासणाऱ्या प्रोग्रॅमच्या भागात 'एक्स्ट्रा पाथ्स' लिहिलं. पायलान्स आतून पाय्रायटच असल्यामुळे एडिटर आणि टर्मिनलमधली तपासणी दोघंही तीच फाइल वाचतात. एकाच जागी लिहिलेलं दोघांना मिळतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

२२ उरल्या.

१२ मार्च, बुधवार

आजच्या १४ प्रोटोबफच्या, म्हणजे प्रोग्रॅमांमधले संदेश बांधायच्या गूगलच्या पद्धतीच्या. "या मॉड्यूलला असं नाव माहीत नाही." तेच नाव वापरून सर्व्हिस दीड वर्ष संदेश पाठवते आहे.

तयार झालेली पायथॉन फाइल एडिटरमध्ये उघडली आणि नव्या सहकारिणीला शेजारी बसवलं. म्हटलं, "यात आपला क्लास शोध." वर इम्पोर्टच्या चार ओळी, मग उलट्या तिरक्या रेघा आणि आकड्यांनी भरलेली एक भलीमोठी स्ट्रिंग, आणि खाली 'बिल्डर'ला केलेले दोन कॉल. तिने सर्च केलं, 'क्लास' हा शब्द पूर्ण फायलीत एकदाही नाही. ती स्ट्रिंग म्हणजे संदेशांच्या रचनेचं बांधून ठेवलेलं गाठोडं. प्रोग्रॅम चालू झाला की बिल्डर ते सोडतो आणि क्लास तिथल्या तिथे घडवतो. ती म्हणाली, "म्हणजे एडिटर खोटं बोलतच नाहीये. यात खरंच काही नाही." अगदी बरोबर. त्याला जेवढं दिसतं तेवढंच तो बोलत होता. आम्ही सहा महिने त्याला खोटं ठरवत होतो, त्याच्यापुढे कागद ठेवायचं काम मात्र कुणी केलं नाही.

तो कागद म्हणजे पीवायआय फाइल: फक्त नावं आणि टाइप, आत काम काहीच नाही. प्रोटोक या प्रोटोबफच्या कंपायलरच्या ३.२० आवृत्तीपासून 'पीवायआय आउट' हा पर्याय आहे, तो दिला की शेजारी ही फाइलही तयार होते. बिल्डच्या स्क्रिप्टमध्ये एक शब्द वाढवला. १४ गेल्या, आणि वर लाभ असा की संदेशातल्या फील्डांची नावं आता टाइप करताना समोर येतात. दुपारी त्यातूनच एका फील्डच्या नावातली स्पेलिंगची चूक सापडली. टेस्टमध्ये ती वाट कधी चाललीच नव्हती.

१३ मार्च, गुरुवार

उरलेल्या आठ. सगळ्या एकाच नियमाच्या: "ही किंमत 'नन' असू शकते."

यांच्यावरून आज वाद झाला, चांगला दीड तास. माझ्यापेक्षा अनुभवी सहकारी म्हणाले, "फाइल आपणच लिहितो, पहिल्या ओळीत तारीख असतेच. रेजेक्स जुळणार नाही असं होऊच शकत नाही. ही आठही खोटी, इग्नोर टाका आणि पुढे चला." त्यांचं म्हणणं वरवर पाहता पटण्यासारखं होतं. रेजेक्सचा (मजकूर ठरलेल्या साच्याशी जुळवून बघणाऱ्या सोयीचा) 'मॅच' जुळला नाही तर 'नन' देतो, हे एडिटरला टाइपावरून कळतं. पण आमची फाइल नेहमीच जुळते, हे त्याला कसं कळावं?

मी म्हटलं, "सर, इग्नोर टाकू, पण आधी गेल्या महिन्याच्या सगळ्या फायलींवर चालवून बघू या." चालवलं. चौथ्याच मिनिटाला एक फाइल अडकली. डोळ्यांनी बघितलं तर पहिली ओळ अगदी व्यवस्थित, चार आकडी वर्ष, डॅश, महिना. हेक्समध्ये उघडली तेव्हा वर्षाच्याही आधी तीन बाइट दिसले: ईएफ, बीबी, बीएफ. कुणीतरी ती फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडून परत सेव्ह केली होती आणि त्याने सुरुवातीला बॉम, म्हणजे मजकूर कोणत्या पद्धतीने साठवला आहे ते सांगणारी खूण, लावला होता. आपण साध्या यूटीएफ-८ ने वाचतो तेव्हा तो बॉम न दिसणारं एक अक्षर म्हणून ओळीच्या आरंभी राहतो. 'मॅच' ओळीच्या आरंभापासूनच जुळवतो, आरंभी आकडा नाही, म्हणून 'नन'. पुढची ओळ 'नन'वर 'ग्रुप' मागते आणि काम कोसळतं. शुक्रवारी रात्री जे झालं तेच, फक्त दुसऱ्या फायलीत आणि अजून न घडलेलं.

सर बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आठही दुरुस्त करा. मीच करतो." वाचताना 'यूटीएफ-८-सिग' वापरलं, म्हणजे बॉम असला तरी गळून पडतो, आणि आठही ठिकाणी 'नन' आला तर फायलीचं नाव आणि ओळ क्रमांक सांगणारी स्पष्ट चूक उठवली.

आठांपैकी सात ठिकाणी तसा प्रसंग बहुधा कधीच येणार नाही. तरीही तपासणी लिहायला प्रत्येकी दोन ओळी लागल्या. इग्नोर लिहायला एक लागली असती.

१८ मार्च, मंगळवार

पायथॉनचा आकडा शून्य झाला असं शुक्रवारी लिहिणार होतो, तेवढ्यात वेगळीच गोष्ट सापडली. एका जुन्या मॉड्यूलमध्ये कधीच एकही रेघ का नसते म्हणून उघडून बघितलं. पहिल्याच ओळीवर, एकटंच: 'टाइप: इग्नोर'. ही टिप्पणी एखाद्या ओळीच्या शेवटी असली तर त्या ओळीपुरती लागू होते. फायलीच्या माथ्यावर एकटी असली तर पूर्ण फाइल मिटून टाकते. पेप ४८४ या पायथॉनच्या टाइपांबद्दलच्या अधिकृत दस्तऐवजातच तसं ठरलेलं आहे. ती काढली. ३१ तक्रारी वर आल्या. चार दिवस घालून पाहिल्या: २८ टाइप नीट न लिहिल्यामुळे, ३ खऱ्या. त्या तीनपैकी एकीत फंक्शनला दोन आर्ग्युमेंट उलट्या क्रमाने जात होते.

म्हणून इग्नोरबद्दलचे नियम आज बसून ठरवले. काही रेघा खरोखर खोट्या असणार, हे मान्य करावंच लागतं. १९५३ साली हेन्री राइस या गणितज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या प्रमेयाचा अर्थच असा की प्रोग्रॅमच्या वागण्याबद्दलच्या कुठल्याही खऱ्याखुऱ्या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक प्रोग्रॅमसाठी अचूक देणारी तपासणी असूच शकत नाही. तपासणारा कुठेतरी उगाच ओरडणार किंवा कुठेतरी गप्प बसणार. आमच्याकडचं उदाहरण: 'रेडी' नावाची मेथड आतून जोडणी 'नन' नाही ना ते बघते आणि हो-नाही सांगते. तिने हो म्हटल्यावर जोडणी वापरली तरी एडिटर लाल करतो, कारण त्या 'हो'चा जोडणीशी काय संबंध हे त्याला कळत नाही. ही रेघ खोटी. पण तरी इग्नोर नको. जोडणी आधी स्थानिक व्हेरिएबलमध्ये घ्यायची, तिथेच 'नन' आहे का विचारायचं. कोड वाचणाऱ्या माणसालाही ते जास्त सरळ वाटतं.

एवढं करूनही जी उरेल तिच्यावर इग्नोर, पण मोजून मापून. नुसता 'टाइप: इग्नोर' नाही, तर 'पाय्रायट: इग्नोर' आणि कंसात नियमाचं नाव, म्हणजे उद्या त्याच ओळीत दुसरी चूक आली तर ती झाकली जाणार नाही. टाइपस्क्रिप्टमध्ये 'टीएस-इग्नोर' बंद, 'टीएस-एक्स्पेक्ट-एरर' चालू. २०२० मध्ये ३.९ आवृत्तीत हे आलं आणि याची खुबी अशी की खालच्या ओळीत चूक उरलीच नाही तर ती टिप्पणीच स्वतः लाल होते. पायथॉनसाठी पाय्रायटमध्ये बिनकामाचा इग्नोर दाखवणारा नियम आहे, मायपाय या दुसऱ्या टाइप तपासणाऱ्या प्रोग्रॅममध्येही तशी सेटिंग आहे. ईएसलिंटमध्ये ९ व्या आवृत्तीपासून असा इशारा आपोआप येतो, आणि तिथे दोन डॅश देऊन पुढे कारणही लिहिता येतं. सी++ तपासणाऱ्या क्लँग-टायडीच्या 'नोलिंट' या इग्नोरमध्ये कंसात तपासणीचं नाव द्यायचं. कारणाशिवाय इग्नोर असेल तर पुल रिक्वेस्ट (कोडमध्ये बदल घ्यायची विनंती) मर्ज होणार नाही.

२० मार्च, गुरुवार

आज सकाळी एक प्लगइन गायब. टेस्ट हिरव्या, बिल्ड हिरवा, पण एका प्रकारच्या फायली प्रोग्रॅम ओळखतच नाही. कमिट (कोडमधले नोंदवलेले बदल) मागे नेत शोधलं तर एका इम्पोर्टची ओळ उडाली होती. ती कुणी हाताने काढली नव्हती. ते मॉड्यूल इम्पोर्ट झालं की स्वतःची नोंद करून घेतं, त्याचं नाव पुढे कुठेच वापरलं जात नाही. त्यामुळे एडिटरला ते 'न वापरलेलं इम्पोर्ट' वाटतं, फिकट रंगात दिसतं, आणि सहकाऱ्याच्या एडिटरमध्ये सेव्ह करताना रफ या तपासणीच्या साधनाचा एफ४०१ (न वापरलेलं इम्पोर्ट) आपोआप दुरुस्त होत होता. खोट्या इशाऱ्याचं हे सगळ्यात वाईट रूप: तो नुसता ओरडला नाही, त्याने कोडही बदलला. 'नोक्यूए' हा रफचा इग्नोर टाकून भागलं असतं. त्याऐवजी नोंदणीचं फंक्शन उघडपणे बोलावलं. आता नाव वापरलं जातं, आणि वाचणाऱ्यालाही कळतं. सेव्हच्या वेळची आपोआप दुरुस्ती फक्त फॉरमॅटिंगपुरती ठेवली.

जेवणानंतर टीमला डेबियन या लिनक्स प्रणालीतली ओपनएसएसएलची (माहिती गुप्त ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरची) घटना सांगितली, कारण इशारा गप्प करण्यासाठी ओळ काढण्याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही. व्हॅलग्रिंडसारखी मेमरी तपासणारी साधनं तक्रार करत होती की आरंभीची किंमत न दिलेली मेमरी वाचली जाते. २००६ मध्ये त्यावर उपाय म्हणून दोन ठिकाणच्या दोन ओळी काढल्या गेल्या. दिसायला दोन्ही सारख्याच. त्यातली एक खरंच काढण्याजोगी होती. दुसरी मात्र किल्ली तयार करण्यासाठी गोळा केलेली सगळी यादृच्छिकता मिसळत होती. ती गेल्यावर बदलणारं उरलं ते मुख्यतः प्रोसेसचा क्रमांक, आणि तो जास्तीत जास्त ३२,७६८. मे २००८ मध्ये हे उघड झालं तोवर जवळपास दोन वर्षं अशा अंदाज करता येण्याजोग्या किल्ल्या बनत होत्या. हे सांगून झाल्यावर खोलीत कुणीच काही बोललं नाही. मग कुणीतरी विचारलं, "आपल्याकडे इशारा घालवायला काढलेल्या ओळी शोधता येतील का?" कमिटच्या संदेशांत 'वॉर्निंग' शब्द शोधून ४६ मिळाले. ते वाचायचं काम तिघांनी वाटून घेतलं.

२४ मार्च, सोमवार

४६ कमिट वाचून झाले. दोन ओळी परत घालाव्या लागल्या, बाकी ठीक.

सर्वांचं एडिटर आणि सीआय (प्रत्येक बदलावर आपोआप तपासणी चालवणारी यंत्रणा) एकाच पानावर आणलं. पाय्रायट, टाइपस्क्रिप्ट, ईएसलिंट, रफ आणि क्लँगडी यांच्या आवृत्त्या रेपोमध्येच बांधल्या. सीआय त्याच सेटिंग फायली वाचतो. कोणती एक्स्टेन्शनं हवीत आणि कोणती नकोत याची यादीही रेपोत आहे. आता एखादी रेघ एडिटरमध्ये आहे आणि सीआयमध्ये नाही असं झालं तर तो फरकच एक बग म्हणून नोंदवायचा.

गूगलच्या ट्रायकॉर्डर या कोड तपासणाऱ्या यंत्रणेबद्दल वाचलेली एक गोष्ट आज चर्चेत आली. तिथे तपासणी तांत्रिकदृष्ट्या खरी आहे की नाही यावर थांबत नाहीत. ती पाहून प्रोग्रॅमरने काही केलं नाही तर ती खोटीच धरतात, आणि असं प्रमाण १० टक्क्यांच्या आत ठेवायची अपेक्षा असते. हे माप मला पटतं. अहवालाचं काम बंद पाडणारी त्या शुक्रवारची रेघ खरी होती, तरी आमच्यापुरती ती खोटीच ठरली होती. या मापाने ईएसलिंटचे चार नियम आज पूर्ण बंद केले. त्यांच्यावर वर्षभरात कुणी काहीच केलेलं नव्हतं.

२७ मार्च, गुरुवार

७ तारखेला बाजूला ठेवलेली टाइपस्क्रिप्टची एकुलती एक रेघ. बाहेरच्या पॅकेजच्या टाइपांत एक पर्यायी पॅरामीटर सक्तीचा लिहिला आहे. आमची ६०० ओळींची फाइल कापत कापत ९ ओळींवर आणली, तरी रेघ तशीच. त्या ९ ओळी, टाइपस्क्रिप्टची आवृत्ती, पॅकेजची आवृत्ती आणि पॅकेजच्या कोडमधली ती पर्यायी असल्याची ओळ, एवढं त्यांना पाठवलं. आपल्याकडे 'टीएस-एक्स्पेक्ट-एरर', पुढे कारण आणि पाठवलेल्या तक्रारीचा क्रमांक.

पॅनल: ०.

१० एप्रिल, गुरुवार

पॅकेजं अपडेट केली. पॅनलमध्ये एक लाल. नव्या सहकारिणीने दुपारी दोनच्या सुमारास हाक मारली, "एक लाल आलंय, बघू या का?" तिघं तिच्या टेबलाशी गेलो. रेघ आमच्याच 'टीएस-एक्स्पेक्ट-एरर'वर होती: ही टिप्पणी आता बिनकामाची आहे. त्यांनी टाइप दुरुस्त केले होते. तिने ती ओळ काढली, तपासणी टर्मिनलमधून चालवली आणि कमिटच्या संदेशात तक्रारीचा क्रमांक लिहिला.